लाल टॅग आणि एकवीस बोळकी

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी उठले तर मिक्सरला टॅग. लाल पुठ्ठा, पांढरा दोरा. "काम चालू आहे. यंत्र सुरू करू नये. लावणारा: द. रा. जाधव. ता. २७/१२, वेळ ७.१०." मिक्सरचं भांडं जरा हलतं, एवढंच. ते दोन वर्षं हलतंय. चटणी पाट्यावर वाटली.

रिटायर होऊन चार महिने झाले, पण शिफ्ट इंचार्ज साहेबांची (पुढे शि.इं. लिहीन, हात दुखतो) शिफ्ट काही सुटत नाही. निरोपाला प्लांटमधल्या पोरांनी घड्याळ दिलं. ह्यांनी घड्याळ कपाटात टाकलं आणि स्वतः मागून आणलेला उरल्यासुरल्या टॅगांचा गठ्ठा देवघराच्या खणात ठेवला. नियम मला पाठ आहे. ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो.

मसाल्याच्या डब्यांवरही तारखा आल्यात. हळदीची मुदत संपली म्हणे. आमची कोण बघतंय.

११ ते १ मातीच्या भांड्यांचा क्लास. मं. गु. श., दोन-दोन तास. मातीत हात घातला की घरचं काही आठवत नाही. आठवड्यातले तेवढे सहा तास माझे.

३० डिसेंबर, मंगळवार

आज सोसायटीच्या बायकांपुढे बोलून बसले. कोणीतरी विचारलं, या वर्षी हळदीकुंकवाला वाण काय? गेल्या वर्षी प्लास्टिकचे डबे, त्याआधी गाळणी, त्याआधी पण डबेच. मी म्हटलं, या वर्षी बोळकी. झाकणाची, तिळगूळ भरून. माझ्या हातची. एकवीस.

मग शेजारची कुलकर्णीण म्हणाली, "जमतील तुम्हाला?" झालं. आता रथसप्तमीला वाण लुटायचं म्हणजे लुटायचंच. एकतीस वर्षं या गावात "शिफ्ट इंचार्जच्या मिसेस" होते. एकदा तरी माझ्या हातचं काहीतरी बायकांच्या घरी जाऊ दे.

केतकीला सांगितलं. (के. म्हणजे आमची मास्तरीण. माकुणसारची, तिशीची, बडोद्याला शिकून आली. मामाचा एमआयडीसीतला बंद गाळा घेतला, चार चाकं नि एक इलेक्ट्रिक भट्टी मांडली.) म्हणाली, "काकू, वाळायला आठ दिवस, भाजायला एक, गार व्हायला दीड. पंचवीस तारखेला रथसप्तमी. आरामात होईल."

आरामात. लिहून ठेवते.

१ जानेवारी, गुरुवार

शि.इं. म्हणाले, "स्कूटरवर सोडतो." सोडलं. मग म्हणाले, "आत डोकावतो." डोकावले. मग एक वाजेपर्यंत आतच.

पहिला प्रश्न के.ला: "आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठाय?"

के.ने शटरकडे बघितलं. म्हणाली, "काका, हाच."

"मग हा बंद असला तर?"

तिला झोप लागणार नाही आज.

३ जानेवारी, शनिवार

नाव घातलं त्यांनी. माझ्या क्लासला. मला न विचारता. म्हणे, "घरात बसून काय करू?" अहो, गावात देऊळ आहे, मैदान आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहे. पण नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

खिशातून व्हर्नियर काढला. माझ्या बोळक्याची भिंत मोजली. "एका बाजूला चार मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला साडेसहा."

मी म्हटलं, "बोळकं आहे, बॉयलर नाही."

लक्षीमावशी एवढी हसली की तिचा मासा चाकावरच बसला. (ल.मा. माहीमची. आयुष्यभर मासळी विकली, आता बोईसरला लेकीकडे असते. माशांच्या आकाराच्या ताटल्या करते, दुसरं काही नाही. के.ने एकदा म्हटलं फूल करा, तर म्हणाली, "फूल कोन खातो?")

६ जानेवारी, मंगळवार

भिंतीवर कागद लागला. "माती मळण्याची कार्यपद्धती. पायरी १ ते ९." अक्षर शि.इं.चं. मी चाळीस वर्षं भाकरीचं पीठ मळते, मला पायऱ्या दाखवतात. आणि त्यांची स्वतःची माती? पहिलं भांडं चाकावरून उडून मिश्राजींच्या गाळ्यात. (मिश्राजी शेजारी मोटारी वाइंडिंग करतात.) ते भांडं हातात घेऊन आले, "साहब, आपका कुछ गिरा है।"

शि.इं. गंभीरपणे म्हणाले, "नोंद करतो."

खरोखर वहीत नोंद केली. मी बघितली.

८ जानेवारी, गुरुवार

भांडण. लिहिते सगळं, म्हणजे पोटातून जाईल.

माझी एकवीस झाली. फळीवर ओळीने ठेवली. मी हात धुवायला गेले आणि परत येते तर तीन बोळकी बाजूला, त्यांच्यावर खडूने फुली. "तडा आहे. भाजताना फुटतील, बाकीच्यांनाही फोडतील."

मी म्हटलं, "माझी आहेत."

"म्हणून काय फुटणार नाहीत?"

के. बघून म्हणाली, काका बरोबर सांगतायत. ते बरोबर असतात हाच तर त्रास आहे. चुकले असते तर मी एकदा ओरडून मोकळी झाले असते. तीन मोडली, परत माती केली, परत तीन केली. घरी येईपर्यंत बोलले नाही. स्कूटरवर मागे बसून न बोलणं फार कठीण, खड्डे येतात.

राग असा आहे की, मला शिकवू नका. चुकू दे मला. दोन तास चुकायला तरी मोकळी सोडा.

१० जानेवारी, शनिवार

शि.इं.नी काहीतरी केलं. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलंय. दाखवत नाहीत. मी विचारणार नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. क्लासला दांडी. तिळाची भाकरी, भोगीची भाजी. शि.इं.नी भाकरी मोजली नाही, नुसती खाल्ली. दोन जास्त.

१५ जानेवारी, गुरुवार

आज भट्टी लावायची होती. बोळकी खडखडीत वाळलीत. गालाला लावून बघितली, गार लागत नाहीत. के.ने आत मांडायला सुरुवात केली. शि.इं.नी भट्टीच्या वायरवरून हात फिरवला. के.ने आधी अर्धा तास ती रिकामीच चालवून बघितली होती.

"ही वायर गरम कशी?"

"होते काका थोडी."

"थोडी होत नसते."

खिशातून टॅग. लाल पुठ्ठा, पांढरा दोरा. "केबल बदलून तपासल्याशिवाय भट्टी सुरू करू नये. लावणारा: द. रा. जाधव. ता. १५/१, वेळ १२.२०." मेन स्विचला बांधला, दोन गाठी.

आणि उद्या पहाटे हे कराडला चाललेत, जमिनीची मोजणी आहे. चार दिवसांत येतो म्हणाले. मी विचारलं, टॅग? तर म्हणाले, "मिश्राला सांगितलंय, केबल बदलेल." मला वाटलं, मग झालं.

१७ जानेवारी, शनिवार

मिश्राजींनी केबल बदलली. जुनी सोलून दाखवली. आतून काळी पडलेली, रबर वितळलं होतं. "साहब ने ठीक पकड़ा। आज लगाते तो धुआँ हो जाता।"

मग आम्ही सगळे भट्टीपुढे उभे. केबल नवी. बोळकी आत. टॅग स्विचवर.

के. म्हणाली, "मिश्राजी, काढा ना."

मिश्राजींनी दोन्ही हात मागे घेतले. "मैडम, जिसने लगाया वही निकालेगा। हमारे यहाँ भी यही है।"

मी के.ला म्हटलं, "गाळा तुझा, भट्टी तुझी, तू काढ."

ती म्हणाली, "काकू, माझे बाबा पण कंपनीतच होते. मला दात यायच्या आधी हे शिकवलंय. सायकल दुरुस्त करतानाही बाबा टॅग लावायचे."

ल.मा. म्हणाली, "आमी तर हात लावनार नाय. दर्यात दुसऱ्यानं लावलेलं जालं आमी उचलत नाय."

माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी. मी म्हटलं, चहा घेऊया.

कुठल्याही दुसऱ्या गावात कोणीतरी कात्री आणली असती. इथे सगळं गाव कुठल्या ना कुठल्या शिफ्टचं.

१९ जानेवारी, सोमवार

फोन लावला कराडला. म्हटलं, केबल झाली, मिश्राजींनी तपासली, टॅग काढू का?

"नाही."

"अहो, मी आहे."

"तू असलीस म्हणून काय. फोनवर टॅग निघत नसतो."

"मग कधी येताय?"

मोजणीवाला आलाच नाही म्हणे. शुक्रवारची तारीख दिलीय. त्या दिवशी भाऊ, भाऊबंद, सगळे बांधावर. सोडून येता येणार नाही.

मी फोन ठेवला. नीट ठेवला नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आज क्लासला लवकर गेले. के. माती आणायला गेलेली, कोणी नव्हतं. टॅगपुढे उभी राहिले. दोरा साधा पांढरा, दुधाच्या पिशवीला असतो तसला. नखाने निघाला असता. मी बायको आहे, कोण काय बोलणार? दुपारपर्यंत भट्टी तापली असती. हात लावलाही. दोऱ्याला, गाठीला नाही.

मग शिंदे आठवला.

लग्नाला वर्ष झालं होतं. आम्ही इथे आलोच नव्हतो तेव्हा, ह्यांची पहिली नोकरी, दुसऱ्या गावचा कारखाना. शिंदे ह्यांच्याबरोबरचा, आमच्या लग्नात वाढायला होता. मशीनला टॅग लावून आत हात घालून काम करत होता. वरून फोन आला, काम झालंय, काढा टॅग. कोणीतरी काढला. काम झालं नव्हतं. उजवा हात गेला त्याचा.

हे त्या दिवशी घरी आले आणि मोरीत उभं राहून हात धुवत राहिले. साबण संपला, तरी धुवत होते. मी विचारलं, टॅग कोणी काढला? तेव्हा बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत. मी परत विचारलं नाही. मला तेव्हाच कळलं असावं.

गाठ सोडली नाही. के. आली तेव्हा मी माती मळत होते. पायरी ३.

२२ जानेवारी, गुरुवार

कुलकर्णीण जिन्यात भेटली. "बोळकी झाली का हो?" तोंडावर साखर, डोळ्यांत मिरची.

"भट्टीत आहेत," म्हटलं. खोटं नाही. भट्टीतच आहेत. गार.

दुपारी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन आले. प्लास्टिकचे डबे बघितले. निळे झाकण, गुलाबी झाकण. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गेल्या वर्षी हेच नेले होते तुम्ही." घरी येऊन रडले थोडी. कोणासाठी लिहीत नाही, म्हणून लिहिते. डबे घेतले नाहीत अजून. उद्याच्या दिवसाची वाट बघते, का ते माहीत नाही.

त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावर रागावताही येत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेनऊला के.चा फोन. "काकू, काका आलेत."

स्टेशनवरून थेट गाळ्यात. खांद्याला बॅग, बॅगेत वहिनींनी दिलेली घेवड्याची पिशवी, दाढी वाढलेली. मी पोचले तेव्हा ते पाठीवर झोपून केबल बघत होते. उठले, नवीन केबलला हात लावला, मिश्राजींना दोन प्रश्न विचारले. मग दोन्ही गाठी सोडल्या. टॅगमागे लिहिलं, "काम पूर्ण. काढणारा: द. रा. जाधव. ता. २३/१, वेळ ९.५५." के.ला म्हणाले, "आता लाव."

मी काल दिवसभर बोलायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यं तयार होती. एकही निघालं नाही. विचारलं, "मोजणी?"

"भावाला सांगितलं, तू बघ."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, कशासाठी चाललास? मी म्हटलं, टॅग काढायला."

कराडला आता वर्षभर हाच विषय.

भट्टीचं झाकण लावायच्या आधी के.ने मोजली. बावीस. मी म्हटलं, एकवीस केली मी. के. हसली. मागच्या ओळीत एक जाडजूड, बुटकं, तोंड एका बाजूला कललेलं बोळकं. व्हर्नियर लावला असता तर व्हर्नियर रडला असता. म्हणजे फडक्याखाली हे होतं.

शि.इं. भिंतीकडे बघत म्हणाले, "एक स्पेअर. असावं."

करायला गेलो गणपती, झाला मारुती, अशातलं आहे. के.ला म्हटलं, याला धक्का लावू नको.

पण मग. झाकण लागल्यावर म्हणाले, "सुमन, बोळक्यांच्या झाकणांना दोन मिलिमीटर जागा सोडायला हवी होती." आणि पुढच्या महिन्यात के.ने काय करावं त्याचा तक्ता काढायला बसले. मंगळवारपासून साडेदहालाच यायचं म्हणतात, सगळ्यांच्या आधी.

चांगुलपणा वेगळा आणि माझे दोन तास वेगळे.

२४ जानेवारी, शनिवार

भट्टी काल संध्याकाळी बंद झाली. आज दिवसभर गार होतेय. उघडायची नाही, घाई केली तर थंड वाऱ्याने तडे जातात.

सकाळी देवघराच्या खणातून एक टॅग घेतला. छापील होतंच, "काम चालू आहे." खाली लिहिलं, "आत येऊ नये. मं. गु. श. ११ ते १. लावणारी: सुमन जाधव. वेळ १०.५५." मी रिक्षाने पुढे गेले आणि गाळ्याच्या शटरशेजारच्या कडीला बांधला. दोन गाठी.

शि.इं. मागून स्कूटरवर आले. आत पाऊल टाकणार तेवढ्यात टॅग दिसला. चष्मा लावला. वाचला. उलटा करून मागचं बघितलं. के. श्वास धरून उभी, ल.मा. मासा हातात घेऊन उभी. मला वाटलं, हसतील. किंवा म्हणतील, वेडी आहेस का.

म्हणाले, "तारीख राहिलीय."

खिशातलं पेन दाराबाहेरून पुढे केलं. मी तारीख घातली. पेन परत घेतलं आणि मिश्राजींच्या स्टुलावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज: "किती दिवसांचं काम आहे?"

मी म्हटलं, "झालं की सांगते."

"बरं."

ल.मा. हळूच म्हणाली, "सुमनबाय, मानूस ऐकतो हाय तुजा."

दोन तास मी एकही भांडं नीट केलं नाही. तीन बिघडवली, मजेत. कोणी मोजली नाहीत. घरी जाताना स्कूटरवर मागे बसले. बोलले. कराडच्या घेवड्याचं काय करायचं ते.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी.

गाळ्यात बसून लिहितेय. भट्टीवरचा तापमानाचा आकडा ८४. के. म्हणते, ६० ला उघडू. बायका चारला येणार, तिळगूळ घरी तयार आहे, कुलकर्णीण सर्वांत आधी येईल. आत किती अख्खी, किती फुटली, कोणालाच माहीत नाही. झाकणं बसतात की नाही तेही.

शि.इं. बाहेर, स्टुलावर. मिश्राजींची आज सुट्टी, स्टूल ते ठेवून गेलेत.

के. म्हणाली, "काका, या ना. आज रविवार. टॅगवर मं. गु. श. आहे."

"टॅग लटकतोय ना?"

"हो, पण..."

"मग झालं."

आकडा ७१.

दारातून हात आला. चामड्याचे हातमोजे, प्लांटमधले, जुने. "तिला सांग, हे घालून उघड. आत धग असते." हात तेवढा आत आला, ते स्वतः बाहेरच. थोड्या वेळाने विचारलं, "स्पेअर मागच्या ओळीतच आहे ना?"

मी म्हटलं, "आहे." आणि मग मला तो मोरीत उभा राहिलेला, हात धुणारा माणूस आठवला, सव्वीस वर्षांचा.

६४.

ल.मा. म्हणते, बोलव ना त्याला आत, कवापासून बसलाय. के. दाराच्या कडीकडे बघते. त्यांना कोणी आत बोलवू शकत नाही. मीही नुसतं बोलवून चालणार नाही. दोन गाठी सोडायला लागतील, मागे वेळ लिहावी लागेल, आणि मंगळवारी साडेदहाला काय, ते तेव्हाच ठरेल.

६१.

हातमोजे घातले. मोठे होतात. हे घालून गाठ काही सुटणार नाही. परत काढले. के. म्हणते, "काकू, साठ."

आधी दार की आधी भट्टी.